किटुईला सेवेला निघण्याआधी

आधी बॅग भरू नका, आधी विचारा. केनियातल्या किटुईसारख्या ठिकाणी परदेशी सेवेला जायचं ठरलं की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लगेच जुने कपडे, वह्या, खेळणी गोळा व्हायला लागतात. मराठवाड्याच्या माणसाला तरी हे सांगायची गरज पडू नये. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वसवलेली गावं आपण बघितलीत. शहरातल्या कॉलनीसारख्या सरळ रांगा, वाड्याचा पत्ता नाही, ढोरं कुठं बांधायची ते कुणाच्या डोक्यात नव्हतं. बांधणाऱ्यांची नियत चांगलीच होती, फक्त राहणाऱ्यांना पुरतं विचारलं गेलं नव्हतं. तेव्हा यजमान मंडळीच्या पाळकांना पत्र लिहा: यंदा तुमचं काय काम चाललंय, त्यात आमचे हात कुठे लागतील आणि कुठे अडचण होतील? "काही नको, नुसते या" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. पाहुण्याला नाही म्हणणं तिकडेही जड जातं.

किटुई हा पूर्व केनियातला कोरडवाहू भाग. तूर, मूग, ज्वारी, मका ही पिकं, कांबा लोकांची वस्ती, आणि वर्षातले बरेच महिने कोरड्या पडलेल्या नद्या. आपल्या माणसाला तिथं परकं वाटणार नाही, पण त्यांना पाणी शिकवायला निघालोय असं मनात असेल तर ते घरीच ठेवा. वाळूत पाणी साठवणारे बंधारे किटुई आणि शेजारच्या मचाकोसच्या लोकांनी मोठ्या संख्येनं बांधलेत. नदीपात्रात खडकापर्यंत पाया नेऊन आडवी भिंत घालतात. पुराबरोबर आलेली वाळू भिंतीमागे साचते आणि तिच्या फटींमध्ये पाणी मुरून राहतं. वर वाळूचा थर असल्यामुळे ऊन ते पाणी सहज उडवू शकत नाही. मग लोक आपल्या झिऱ्यांसारखे खड्डे काढून त्यातून पाणी भरून नेतात. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, एवढं आठवलं तरी कुणी कुणाकडून शिकायचं ते कळेल. भिंतीचं काम गावकी मिळून करते, आपल्या इर्जिकीसारखं. तुम्ही त्यातले चार जादा हात. दगड उचला, मुकादम होऊ नका.

तारीख त्यांनाच ठरवू द्या. तिथं पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि भिंत मधल्या कोरड्या काळातच उभी राहते. आपल्याला तूर निघाल्यावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत सवड असते. पण त्यांच्या मुगाची काढणीही त्याच सुमारास येते, म्हणून आधी विचारलेलं बरं. दहावी-बारावीची मुलं घरात असलेल्या आयांना या फेरीत ओढू नका.

गवंडीकाम येणारा एक तरी माणूस सोबत हवा. डॉक्टर आणि नर्स येणार असतील तर लक्षात ठेवा, भारतातली नोंदणी तिथं चालत नाही. त्यांच्या मेडिकल कौन्सिलचा तात्पुरता परवाना डॉक्टरनं आधीच काढायचा, नर्ससाठी त्यांच्या नर्सिंग कौन्सिलकडे विचारणा करायची. परवान्याशिवाय पिशवीभर गोळ्या वाटणं म्हणजे सेवा नव्हे, गुन्हा होऊ शकतो.

पासपोर्टाची घाई आजच करा. आपल्यात बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग अशी पुष्कळ माणसं आहेत. हे जुळवण्यात महिने जातात. पासपोर्टाची मुदत प्रवासानंतरही सहा महिने हवी. केनियानं 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए सुरू केलाय, पण तो प्रवेशाची परवानगी आहे, कामाची नव्हे. बिनपगारी सेवेलाही स्पेशल पास, म्हणजे थोड्या काळाच्या कामाचा परवाना, लागतो का, हे यजमान मंडळीनं त्यांच्या इमिग्रेशनकडून लेखी घ्यावं. तोंडी "चालतंय" यावर जाऊ नका.

पिवळ्या तापाची लस सगळ्यात महत्त्वाची. ती सरकारनं नेमलेल्या केंद्रावरच मिळते, मुंबईत अशी केंद्रं आहेत. आधी वेळ घ्या, मग देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट काढा. टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग जन्मभर चालतो. साठीच्या पुढचे आणि अंड्याची ॲलर्जी असलेले यांनी डॉक्टरला आधी सांगायचं. दाखल्याविना केनियाहून परतलात तर आपलंच सरकार विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या. काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या तिथंच लोक कंटाळतात.

पैशांचं बोलणं आपल्याकडे कुणाला आवडत नाही, पण ट्रस्टच्या खात्यातून परदेशात खर्च केला तर आयकराची सवलत अडचणीत येते. सी.ए.ला दाखवल्याशिवाय रुपयाही हलवू नका. जमलं तर प्रत्येकानं आपला खर्च आपणच करावा.

आता बॅग. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर केनियात 2017 पासून कडक बंदी आहे, आणि आपलं तर सगळं सामान कॅरीबॅगेत! चपलाही कापडी पिशवीतच घाला. बियाणं नेऊ नका, मग ती घरची तूर का असेना. वनस्पती तपासणीच्या कागदाशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याचा अडॅप्टर इथूनच घ्या. बंद बूट, टोपी, कामाला सलवार-कमीज, रविवारच्या उपासनेला साडी. शेंगदाण्याची चटणी घ्या, पण पहिल्याच जेवणात डबा उघडू नका. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, हातानं खायचा असतो आणि आपल्याला तो सहज जमतो. ढोलकी आणि टाळ मात्र न्याच.

प्रवचनाची तयारी थोडकीच असू द्या. त्या भागात आफ्रिका इनलँड मिशनचं काम 1895 पासूनचं आहे आणि बहुतेक माणसं ख्रिस्ती आहेत. तुमची साक्ष ते ऐकतील, त्यांची तुम्ही ऐका. जालन्याजवळचं बेथेल, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ख्रिस्ती गाव, त्याबद्दल त्यांना जरूर सांगा. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. फाटक्या कपड्यातल्या पोराला कडेवर घेऊन सेल्फी तर मुळीच नको. आपल्या गावात कुणी तसा काढला असता तर काय झालं असतं, ते मनात आणून बघा.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर "वातावरण बदललं" म्हणून गोळी खाऊन झोपू नका. डॉक्टरला पहिल्या वाक्यात केनियाचं सांगा आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या.