आपण लोकांना कसे दिसतो ते कसं ओळखायचं

आधी एक करा, ताटावर बोटानं एखादी आरती वाजवा अन् समोरच्याला ओळखायला सांगा. मी भाचीसमोर सुखकर्ता वाजवली, माझ्या डोक्यात झांजा-टाळ्या सगळं चालू होतं, अन् ती म्हणली मामा, मिक्सर बिघडल्यासारखं वाजायलंय. १९९० ला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठामधी एलिझाबेथ न्यूटन यांनी हाच प्रयोग केला होता, वाजवणाऱ्यांना वाटायचं निम्मे तरी ओळखतील, अन् १२० पैकी गाणी ओळखली गेली ३. रोजचं बोलणं बी असंच, मनात माया असती अन् तोंडातून निघतं "जेवलास का नाही अजून", ते पण खेकसून.

मग घरात सगळ्यांना सांगून जेवताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. आवाज ऐकून लाज वाटंल, ते सोडून द्या, बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडातून बी ऐकू येतो म्हणून तो भारदस्त वाटतो. ऐकायचं ते हे, की कोण बोलत असताना आपण मधीच घुसलो.

आता विचारायचं कसं. "मी कसाय रे?" असं विचारलं की परभणीत काय अन् लातुरात काय, उत्तर एकच, "चांगलाच हायेस की, काहून?" त्यापेक्षा एखादा प्रसंग धरा. माझं खता-बियाण्याचं दुकान आहे, तिथल्या पोराला मी विचारलं, काल तो सोयाबीनवाला गिऱ्हाईक तोंड पाडून का गेला. पोरगं आधी गप, मग म्हणलं, "काका, त्याचं पान पिवळं कधीपासून पडायलंय ते सांगायच्या आधीच तुम्ही औषधाची बाटली काढून ठेवली." मी लगेच "अरे पण गर्दी होती" म्हणणार होतो. ते म्हणायचं नाही, हेच सगळ्यात अवघड काम आहे, एकदा का सफाई दिली की ते पोरगं पुन्हा खरं सांगत नसतंय.

लोकांचं सगळंच खरं धरू नका मात्र. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं होतं की आतली धाकधूक ज्याची त्यालाच नीट कळती, हुशारीचा अंदाज मात्र दोस्तांचा जास्त बरोबर निघतो.

मी सध्या गिऱ्हाईक बोलत असताना दोन्ही हात काउंटरवर ठेवून गप उभा राहतो. परवा एकजण म्हणला, काका तब्येत बरी नाही का, आज काही बोलंनात तुम्ही.