ग्रंथमहोत्सवाला निघालात? वाचकहो, या चुका टाळा

साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर ग्रंथमहोत्सवाचा मांडव उभा राहिला की पट्टीचे वाचकही गडबडतात. पहिल्या दोन-तीन गाळ्यांतच खिसा रिकामा करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पुढे मांडलेली पुस्तकं बहुतेक गाळ्यांवर तीच असतात: गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या, यशाचे मंत्र सांगणारे अनुवाद. ती वर्षभर कुठल्याही दुकानात मिळतात, सूटही जवळपास तेवढीच. त्यांच्यासाठी मांडवात घाम गाळायची गरज नाही.

आधी हात मोकळे ठेवून एक पूर्ण फेरी मारा. आवडलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढताना गाळ्याचा नंबरही टिपा. नुसत्या मुखपृष्ठावरून गाळा पुन्हा सापडत नाही. खरा माल कोपऱ्यात असतो. छोटे प्रकाशक, गावाचा किंवा घराण्याचा इतिहास स्वतःच्या खर्चानं छापलेले लेखक, आणि सरकारी प्रकाशनांचा गाळा. या सरकारी गाळ्यावर गर्दी नसते, कारण मांडणी रुक्ष. पण १९६०मध्ये स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळासारख्या संस्थांची जुनी पुस्तकं आजही जुन्याच छापील किमतीत हाती लागतात, आणि संपली की पुनर्मुद्रणाची वाट बघत बसावं लागतं. हे दिसलं की घ्या, "संध्याकाळी बघू" म्हणू नका.

मात्र जाडजूड खंड उचलण्याआधी मोबाइल उघडा. मंडळाची बरीच पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. आपल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोशही ऑनलाइन वाचता येतो. कागदावरच वाचायचं असेल तर खुशाल घ्या, पण निदान कपाटाचा फळी-हिशेब करून.

सवलतीची पाटी बघून पुस्तक निवडणं ही दुसरी खोड. टक्के नंतर, छापील किंमत आधी. शेजारच्या गाळ्यावर तीच आवृत्ती कितीला आहे, विचारायला लाजू नका. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही; बिलात कुणी कर लावलाच तर तिथंच विचारा.

जुन्या अभिजात पुस्तकांत फसगत जास्त होते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, मग तेच पुस्तक कुणीही छापू शकतं. त्यामुळे एकाच नावाच्या चार प्रती चार किमतींना दिसतात. एकात प्रस्तावना नसते, दुसऱ्यात प्रकरणंच गायब. 'संक्षिप्त' हा शब्द कधीकधी आतल्या पानावर बारीक अक्षरात असतो. पृष्ठसंख्या ताडून बघा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव शोधा. ते नसेल तर मी तरी पुस्तक खाली ठेवते. पुसट छपाई, तिरके कापलेले कागद आणि किंमत अगदीच कमी, असं त्रिकूट जुळलं तर प्रत चोरटी असण्याची शक्यता मोठी.

रविवारी संध्याकाळी जाऊ नका, एवढं पुरे. रोख थोडी जवळ ठेवा. गर्दीत नेटवर्क रुसलं की यूपीआयही रुसतं. कापडी पिशव्या दोन न्या.

जुनी पुस्तकं घेतली असतील तर ती थेट कपाटात लावू नका. कसर एका पुस्तकातून दुसऱ्यात जाते. कोरड्या ब्रशनं कडा झाडा, आठ-पंधरा दिवस वेगळी ठेवा, भुकटी पडतेय का बघा.

आणि घरी आल्यावर पानं गायब निघाली तर? पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांत बांधलेलं असतं, म्हणून चूक एका पानाची क्वचितच असते. अख्खा फॉर्मा गळतो, उलटा लागतो किंवा दोनदा येतो. खरं तर गाळ्यावरच पृष्ठक्रमांक भराभर चाळले तर हे दोन मिनिटांत कळतं. घरी लक्षात आलंच तर बिल आणि चुकीच्या पानांचा फोटो घेऊन महोत्सव संपायच्या आत त्याच गाळ्यावर जा. मांडव उठला असेल तर सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आणि फोन असतो, तिथं कळवा. सदोष प्रत बदलून देण्यात चांगले प्रकाशक खळखळ करत नाहीत. फक्त त्या प्रतीवर तोवर स्वतःचं नाव घालू नका.