जावात मेथडमधून नवीन ऑब्जेक्ट परत कसा द्यायचा

शिकत असताना मी ईएमआयचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात एका ग्राहकाची तारीख महिनाभर पुढे ढकलली तर बाकी सगळ्यांचीपण ढकलली गेली, अख्खा रविवार त्यात गेला. जुन्या डेट क्लासचा एकच ऑब्जेक्ट मी सगळ्यांना वाटला होता आणि माझी मेथड त्याच्याच पोटात बदल करत होती. उपाय म्हणजे जुना ऑब्जेक्ट बदलायचाच नाही, नवीन बनवून परत द्यायचा.

तर आधी साधा क्लास घ्या, नाव रक्कम. आत एकच फील्ड, पैसे, लाँग टाइपचं (म्हणजे पूर्णांक), प्रायव्हेट आणि फायनल. (रुपये डबलमध्ये, म्हणजे दशांश टाइपमध्ये, ठेवू नका, ०.१ आणि ०.२ ची बेरीज बरोबर ०.३ येत नाही.) कन्स्ट्रक्टरमध्ये एकदा व्हॅल्यू भरली की विषय संपला, सेटर (व्हॅल्यू नंतर बदलणारी मेथड) लिहायचाच नाही.

मग अधिक नावाची मेथड, तिला दुसरी नावाने आणखी एक रक्कम द्यायची. रिटर्न टाइप व्हॉइड (काहीच परत न देणं) नाही, रक्कमच. आत एकच ओळ:

रिटर्न न्यू रक्कम(पैसे + दुसरी.पैसे);

रिटर्न, न्यू हे अर्थात इंग्रजीतच टाइप करायचं, पण क्लासचं नाव मराठीत ठेवलं तरी जावाला चालतं बरं का.

आता सगळे जिथे आपटतात ती जागा. चहा आणि वडापाव हे रक्कमचे दोन ऑब्जेक्ट धरा. नुसतं चहा.अधिक(वडापाव); लिहिलं तर काहीच होत नाही, नवीन ऑब्जेक्ट बनला आणि कोणी धरलाच नाही म्हणून वाया गेला, कंपायलरपण गप्प. बिल = चहा.अधिक(वडापाव); असं पकडायला लागतं. स्ट्रिंगच्या टूअपरकेसचंही (अक्षरं कॅपिटल करणारी मेथड) हेच.

फील्डमध्ये लिस्ट असेल तर नवीन ऑब्जेक्टला जुनीच लिस्ट देऊ नका, न्यू ॲरेलिस्ट करून कॉपी द्या, नाहीतर घर नवीन पण तिजोरी सामाईक.

मेमरीची काळजी सहसा नको, नको झालेले ऑब्जेक्ट जावाचा गार्बेज कलेक्टर आपोआप साफ करतो. फक्त मोठ्या लूपमध्ये स्ट्रिंग जोडत बसलात तर स्लो होतं, तिथे स्ट्रिंगबिल्डर वापरा, त्याचं अपेंड (मजकूर जोडणारी मेथड) नवीन ऑब्जेक्ट न बनवता तोच बिल्डर परत देतं.

तारखांसाठी जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, लोकलडेट आहे. ३१ जानेवारीवर प्लसमंथ्स(१) केलं, म्हणजे एक महिना मिळवला, की २८ फेब्रुवारी मिळते, लीप वर्षात २९. पण त्या २८ वर परत एक महिना मिळवलात तर २८ मार्च येते, ३१ नाही! म्हणून दर हप्ता मूळ तारखेपासूनच मोजा, ती काही बदललेली नसते.