गावचं पाणी आणि जगाचा कार्बन, वाटणी कशी काढायची

नवीन रिसॉर्टचा विषय निघाला की ग्रामसभेत सगळे "आमच्या वाट्याचं पाणी" म्हणून ओरडतात, पण वाटा किती ते कागदावर कुणाकडेच नसतं. तो कसा काढायचा ते सांगतो, गणित सोपं आहे, भांडण होतं ते नियमावरून.

आधी मर्यादा कुठली ते बघा. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीला झेपेल अशा ९ मर्यादा मांडल्या, हवामान, गोडं पाणी, जैवविविधता वगैरे, आणि २०२३ च्या मोजणीत त्यातल्या ६ ओलांडलेल्या निघाल्या. यातला कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, कुठेही सोडला तरी हवा एकच, म्हणून तो सगळ्या जगात भागता येतो. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, हिशोबाने २०२० पासून पुढे सोडायला ५०० अब्ज टन शिल्लक होता, तोही तापमानवाढ १.५ अंशावर थांबायची शक्यता निम्मीच धरून. ७८० कोटी माणसांनी भागा, माणशी ६४ टन, वर्षाचे नव्हे हं, एकूण! आणि जग वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास सोडतं.

पाण्याचं मात्र असं करू नका. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, सरासरी काढली तर आपण श्रीमंतच, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून समुद्राला जातो. म्हणून गावची मर्यादा मे महिन्यात मोजायची, विहिरी-झरे-नदी तेव्हा किती देतात ते, आणि त्यातलं नदीचं नदीला सोडायचं, नाहीतर भरतीचं खारं पाणी वर चढतं.

मग जगण्यापुरतं बाजूला काढा. सरकारी माप शहरात माणशी रोज १३५ लिटर, जल जीवन मिशनमध्ये ५५. गावच्या माणसाला तहान कमी लागते का? मी १३५च धरतो. समजा वस्ती ४०००, म्हणजे रोज ५ लाख ४० हजार लिटर. मेची मर्यादा ९ लाख आली तर उरले ३ लाख ६० हजार, त्यात कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), हॉटेलं, फॅक्टरी सगळे.

पर्यटक डोकी मोजून धरू नका, रात्री मोजा. राज्यात समजा वर्षाला १ कोटी आले आणि सरासरी ४ रात्री राहिले, तर ते रोजचे १ लाख १० हजार माणसं होतात, आकडा ऐकून घाबरायला होतं तेवढं नाही. खरा प्रश्न एका खोलीमागे पाणी किती जातं हा, स्विमिंग पूल, लॉन, रोज धुतलेल्या चादरी, आणि हे १३५ च्या वरचं सगळं हॉटेलच्या खात्यात टाका, पाहुण्याच्या नाही.

आता उरलेलं वाटायचं, इथेच खरी मारामारी. आजच्या वापराप्रमाणे वाटलं तर ज्याने आधीच चार बोअरवेल मारल्यात त्याला बक्षीस. उलाढालीप्रमाणे वाटलं तर रिसॉर्ट जिंकणार आणि कुळागरवाला बसणार हात चोळत. पावणी, म्हणजे लिलाव, करा म्हणणाराही एखादा असतोच, त्यात तर निकाल आधीच ठरलेला. नोकऱ्यांप्रमाणे वाटणं त्यातल्या त्यात बरं, पण नोकरी बारा महिन्यांची की सीझनपुरती ते विचारा. माझं म्हणणं, चारही नियमांचे तक्ते काढून शेजारी-शेजारी लावा आणि कुठला नियम कुणी सुचवला तेही लिहा.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींकडे बघा, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, पण ती राज्याची, ट्रकांची धूळ बसते ती ठराविक गावांवर, तेव्हा गावागणिक आकडा वेगळा हवा. आणि आपलं खनिज बरंचसं चीनला गेलं, तिथे पोलाद झालं, मग त्याचा धूर कुणाच्या खात्यात? मी दोन रकाने करतो, एक जिथे धूर निघाला त्याचा, दुसरा ज्याने वस्तू वापरली त्याचा.

शेवटचं, मर्यादा घटली तर कपात आधी कुणाची हे पाणी असतानाच लिहून घ्या. दर मेमध्ये परत मोजा, आणि ज्या धंद्याला मीटर नाही त्याचा वाटा शून्य धरा, मीटर बसतो की नाही बघा लगेच.