‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणण्याआधी

मी नगरची, निवृत्त नर्स. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत यजमानांना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी तेच वाजवायचे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं यजमानांच्या पेटीशिवाय मी कधी ऐकलीच नव्हती. भेटायला येणारे म्हणायचे, “देवाची इच्छा, बाई.” मीही मान हलवायचे. आत मात्र महिनाभर मी देवाशी चकार शब्द बोलले नव्हते.

म्हणून सांगते, इच्छा देवाला सोपवायची असेल तर आधी ती त्याला सांगा. नावानिशी सांगा, शक्य तर लिहून काढा. मी वहीत लिहिलं, ‘प्रभू, नाताळपर्यंत त्यांचा हात पेटीवर चालला पाहिजे.’ लिहिलं आणि रडले. महिन्याभरातली माझी ती पहिली खरी प्रार्थना.

मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 26वा अध्याय काढा, 36 ते 46 वचनं, आणि काही दिवस तेवढंच वाचा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू तीनदा प्रार्थना करतो. पहिल्यांदा म्हणतो, होईल तर हा दुःखाचा प्याला टळो, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. दुसऱ्यांदा शब्द बदलतात: हा प्यायल्याशिवाय टळत नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ‘टळो’पासून ‘टळत नसेल तर’पर्यंत यायला त्यालाही वेळ लागला. मधे उठून तो शिष्यांकडे आला, पेत्राला म्हणाला, तुमच्याने घटकाभरही जागवलं नाही का? मला तिथवर यायला आठ महिने लागले. तुम्हाला कमी लागतील, जास्त लागतील. पहिलं वाक्य मनात असताना दुसरं तोंडाने म्हणू नका.

आणि कुणाला तरी सोबत घ्या. येशूनेही त्या रात्री पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना, याकोब-योहान या शिष्यांना, जवळ नेलं होतं. माझी एक शेजारीण दर मंगळवारी संध्याकाळी यायची. उपदेश नाही, वचनं नाहीत, नुसती भाजी निवडत बसायची.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. नवऱ्याची मारहाण, कुणी बळकावलेली जमीन, कामावर बुडवलेला पगार, यांना देवाची इच्छा म्हणून गप्प बसू नका. वॉर्डात अशा किती बायका पाहिल्या मी, अंगावर वळ आणि तोंडी ‘देवाची इच्छा’. अन्याय माणसाचा असतो, त्याची तक्रार करायची.

सोपवणं म्हणजे हात जोडून बसणंही नव्हे. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921च्या जुलैत गेली. निराधार बायकांसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे तिने उचलावा, ही आईची आशा होती. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत, 1922च्या एप्रिलमध्ये गेल्या. पण तेवढ्या महिन्यांतही बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. मी यांचा हात रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात धरायचे, एकेक बोट उघडायचे, मिटायचे. हात परत येणं न येणं देवाकडे, पण व्यायाम माझ्याकडे होता.

सोपवलेलं आपण परत घेतो, बहुतेक रात्री. दोन वाजता जाग आली की मी पुन्हा हिशेब मांडायचे. तेव्हा उठून बसा, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवा आणि वहीतलं तेच वाक्य पुन्हा देवापुढे ठेवा. काही रात्री मी चार-चारदा ठेवलं आहे.

नाताळ आला. हात आला नाही. ते नातीशेजारी बसले, डाव्या हाताने भाता मारू लागले आणि सूर तिने धरले. दुसऱ्याच ओळीला तिची पट्टी चुकली. त्यांनी भाता थांबवला, डोळे मिटले, आणि भजन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.