संकटात विश्वास वाढवण्यासाठी

नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले की प्रथम प्रार्थना सुटते. म्हणून ती लहान करा, पण सोडू नका. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या बायबलमधील एक वचन पुटपुटले तरी चालते. मन भरून आल्यास बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १३ वे स्तोत्र वाचा: अवघ्या ६ वचनांच्या त्या स्तोत्रात दावीद राजा देवाला ‘कोठवर?’ असे पुन्हापुन्हा विचारतो आणि तरीही शेवटी गाऊ लागतो. तक्रार म्हणजे अविश्वास नव्हे, हे माझ्या मते सर्वांत आधी शिकावे. संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते, हा प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितलेला क्रम (रोम ५:३-४) सावकाश घडतो. घाई करू नका. रविवारी उपासनेनंतर धर्मगुरूंना अडचण नेमकेपणाने सांगा; भाडे थकले असेल तर तसेच म्हणा.