ट्रॅव्हल ट्रेलर डोलतोय? आधी वजन करा, मग हिचला हात लावा

अमेरिकेत हायवेवर शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की मागचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) एकदा ढकलला जातो आणि लगेच सरळ होतो. एवढं चालायचंच. पण तो डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत गेला, तर तो स्वे. तो हाताबाहेर गेला की ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला सोबत घेऊन उलटतो, म्हणून त्याकडे काणाडोळा नको.

असा अनुभव आला की बरेच जण महागडा स्वे कंट्रोल, म्हणजे डोलणं रोखणारं उपकरण, घ्यायला धावतात. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. दोष बहुतेकदा सामान कुठे ठेवलंय यात असतो. स्वे कंट्रोलमुळे तो झाकला जातो आणि जोराच्या वाऱ्यात नेमका उघडा पडतो. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधल्या पट्ट्यात असा वारा नेहमीचाच आहे.

चालता चालता डोलायला लागला तर

हे घरून निघण्याआधीच पाठ असायला हवं. गॅसवरचा पाय हळूच काढा. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरा. झोक्याच्या उलट दिशेला वळवत बसू नका. गाडीचा ब्रेक दाबू नका, आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायच्या फंदात तर अजिबात पडू नका. ब्रेक कंट्रोलरवरची (ड्रायव्हरजवळचं, ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) हाताने चालवायची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागे ओढला जातो आणि सरळ होतो. ही कळ न बघता सापडली पाहिजे, म्हणून रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सराव करा. मग सुरक्षित जागी थांबून सामान तपासा.

वजन करणं

गाडीमागच्या हिचच्या (जोडणीच्या) बॉलवर टेकणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या टंगवर, म्हणजे पुढच्या दांड्यावर, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. ६,००० पौंडांच्या ट्रेलरला ६०० ते ९०० पौंड. १० टक्क्यांखाली गेलात की डोलणं आलंच. ब्रोशरमधला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यावर विसंबू नका.

बऱ्याच ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रकचा वजनकाटा, असतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वजन त्यावर वेगवेगळं मिळतं. प्रवासाला निघताना असतं तसंच सगळं भरून, माणसं बसवून जा. तीन वेळा वजन करा: वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (भार वाटून देणाऱ्या हिचचे) स्प्रिंग बार लावून, बार काढून, आणि ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. त्याच ठिकाणी २४ तासांत पुन्हा केलेलं वजन बरंच स्वस्त पडतं.

समजा नुसत्या पिकअपचं पुढे ३,१०० आणि मागे २,७०० पौंड भरलं, एकूण ५,८००. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढे २,८२०, मागे ३,७००, ट्रेलरच्या चाकांवर ५,२८०. पिकअपचं वजन ६,५२० झालं, म्हणजे टंगचा भार ७२० पौंड. ट्रेलर एकूण ६,०००, तेव्हा १२ टक्के. उत्तम. पण पुढची चाकं २८० पौंडांनी हलकी झाली, आणि स्टिअरिंग व पुढचे ब्रेक तर त्यांच्याच जोरावर चालतात.

सामान हलवणं

टंग हलकं निघालं तर जड वस्तू ट्रेलरच्या ॲक्सलवर किंवा थोड्या पुढे आणा. आपल्याकडच्या सहलीत तांदळाची पिशवी, कुकर, पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट आणि मुलांच्या सायकली असतात. बंकहाउस (मागे बंक बेड असलेल्या) ट्रेलरमध्ये हे सगळं मागच्या बंकखाली जातं आणि सायकली मागच्या बंपरवर. डोलायला याहून चांगलं निमित्त नको. पाण्याच्या टाकीकडे खास लक्ष द्या. ४० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ३३३ पौंड. टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर भरल्यावर टंग हलकं होतं, पुढे असेल तर जड.

टंग वाढवताना दोन मर्यादा बघा: रिसीव्हरवरच्या (गाडीमागच्या, हिच बसते त्या खाचेवरच्या) स्टिकरचा आकडा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा पेलोड (गाडी वाहू शकते ते कमाल वजन) स्टिकर. टंगचा भार, हिच, माणसं, सामान सगळं त्या पेलोडमध्येच बसवायचं.

टायरची हवा गार असताना तपासा. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरमध्ये साधारणपणे बाजूवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरतात. वेगाची खूण नसलेले एसटी टायर ताशी ६५ मैलांपर्यंतचेच धरा. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे, आणि कमी वेगात स्वेला जोरही कमी मिळतो.

आता हिच

जोडल्यावर ट्रेलर सपाट किंवा किंचित नाक खाली असा दिसला पाहिजे. नाक वर असेल तर शँकवर (रिसीव्हरमध्ये बसणाऱ्या हिचच्या दांड्यावर) बॉल खाली घ्या.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच टंगचं वजन नाहीसं करत नाही. स्प्रिंग बारच्या ताणाने मागच्या ॲक्सलवरचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर सरकतो. वरच्या उदाहरणात बार लावल्यावर पुढे २,९८०, मागे ३,४६०, ट्रेलरवर ५,३६० आलं, म्हणजे पुढची निम्म्याहून जास्त घट भरून निघाली. नेमकी किती भरून काढायची हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच प्रमाण माना.

घरी हेच टेपने मोजता येतं. पुढच्या चाकाच्या मध्यावरून सरळ वर, फेंडरच्या कडेवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. नुसती गाडी ३७ इंच, ट्रेलर जोडून ३८ इंच, तर बार लावल्यावर उंची ३७ आणि साडेसदतीसच्या मध्ये आली की निम्मी तरी भरपाई झाली. ३७ च्या खाली गेली तर ताण जास्त झालाय. मागची चाकं हलकी होतात आणि पावसात घसरतात. ताण वाढवायचा असेल तर हिचचं डोकं (बॉल आणि बार धरणारा भाग) ट्रेलरकडे आणखी कलवा किंवा बार ट्रेलरला अडकवणाऱ्या साखळीची एक कडी कमी ठेवा. बार लावताना आणि काढताना कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) लॉक ठेवून टंगवरच्या जॅकने गाडीचा मागचा भाग उचलून घ्या. ताणलेला बार सुटला तर हाड मोडू शकतं.

घर्षणावर चालणारा वेगळा स्वे बार असेल तर रिव्हर्स घेण्याआधी तो काढा, नाहीतर वाकेल. निसरड्या रस्त्यावरही तो सैल ठेवायला सांगतात. सेटिंग जमलं की डोक्याचा कल आणि वापरलेली कडी रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. गाडी बदलली, टायर बदलले किंवा ट्रेलरच्या पुढे नवी बॅटरी बसवली की पुन्हा स्केल गाठा.